हौश्याच्या बदल्यात होडी

कानिफनाथनं बैलावर हात ठेवला की आख्खा घोडेगावचा बाजार त्याच्या तोंडाकडं बघायचा, एवढी त्याची नजर हुती. हे मी कबूल करतो. माझी जोडी त्यानंच निवडून दिल्याली. पन बैलाच्या नजरेनं होडी निवडनारा मानूस नगर जिल्ह्यात एकच झाला, आन त्या होडीला आपली गाडी देनारा येडा बी एकच. त्यो मी, सूर्यभान. गाडी माझी, बैलं माझी, चाकं माझी खिळखिळी झाली, आन नाव झालं त्याचं! तवा सांगता सांगता माझं डोकं फिरलं तर समजून घ्या.

आमचं जुनं गाव मुळेच्या काठाला. कानिफचं रान तर पार नदीला लागून, काळंभोर, मानूसभर खोल माती. मुळा धरन झालं, पानी तटलं, आन गाव, देऊळ, रान सगळं खाली गेलं. आमी वर माळावर आलो. कानिफला बदली जमीन मिळाली ती अशी, की नांगर घातला तर ढेकळाऐवजी धोंडं वर यायचं. त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. दुष्काळात धरन आटत आटत गेलं, पन कानिफचं रान इतकं खोलात, की ते काय उघडं पडंना. मी म्हनलं, "तुझं नशीबच वल्लं हाय." त्याला हसू आलं न्हाई.

त्याच्या जोडीतला एक बैल दुष्काळाच्या चारा छावनीत मेला. दुसरा ऱ्हायला हौश्या. आता हौश्या म्हंजे काय, हे मुक्तावैनीला इचारा. मुक्तावैनी म्हंजे कानिफची बायको. हौश्याची आई त्याला जन्म देताना गेली, तवा वैनीनं फडकं दुधात बुडवून बुडवून त्याला पाजलं. दोनी पोरी लग्न होऊन सासरी गेल्या, हौश्या तेवढा घरात ऱ्हायला. कानिफला भाकर एकवेळ उशिरा मिळायची, हौश्याला न्हाई.

नवरा-बायको दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मी बी जायचो. एक दिस कानिफ हातोडा टाकून उठला आन खाली धरनाच्या पान्याकडं बघत ऱ्हायला.

"सूर्यभान, ते पानी माझ्या रानावर हाय ना?"

"हाय."

"मंग त्यात जी मासळी फिरती, ती कुनाच्या रानात चरती?"

मी कपाळाला हात लावला. ह्या मानसाच्या डोक्यात काय शिरलं की ते पाच-धा मानसांना त्रास दिल्याबिगार निघत न्हाई. चार दिसांत त्यानं मच्छीमार सोसायटीत नाव घातलं. तिथं त्याला सांगितलं, की होडी ज्याची त्यानं आनायची.

होडीचा पत्ता घोडेगावच्या बाजारात लागला. टोक्याला, गोदावरीच्या काठी, भीमा नावाचा नावाडी हुता. गोदावरीचं झालं हुतं डबकं, नाव चालवायची कुठं? म्हून गड्यानं नदीच्या वाळूत टरबुजं लावली हुती, आन त्या वेलांना छकड्यावर पिपानं पानी वाहायला त्याला एक बैल पायजे हुता. आमच्या होडी नसलेल्या मानसाकडं एकटा बैल, आन त्या बैल नसलेल्या मानसाकडं रिकामी नाव! कानिफला वाटलं, देवानं सोयरीकच जुळवली.

मुक्तावैनीला तसं वाटलं न्हाई. "माझा हौश्या द्यायचा? लाकडाच्या डबड्यासाठी?" एवढंच बोलली आन दोन दिस तिनं नवऱ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिशी मी बसलेलो असताना तिनं निकाल दिला.

"न्या. इथं त्याला चारा न्हाई, तिकडं निदान खाईल तरी. पन माझं आयका. होडी आल्यापास्नं आठ दिसांत तिच्यातली मासळी माझ्या चुलीवर आली पायजे. न्हाई आली, तर हौश्या माघारी आनायचा. आन त्यो नावाडी देत नसंल तर तुमी बी तिकडंच ऱ्हावा, टरबुजं राखा."

"बरं," कानिफ म्हनला.

"बरं न्हाई. भावजी, तुमी साक्षी."

आता मी कुठं मधी तोंड घातलं हुतं? पन झालो साक्षी. गाडीवाला बी झालो, कारन हौश्या टोक्यापातुर चालत जाईल, होडी काय चालत येनार नव्हती. निघायच्या दिशी वैनी बाहेर आली न्हाई. भिंतीच्या आडून बघत हुती, मला पदर दिसला.

टोक्याला पोचलो दुसऱ्या दिशी. भीमा नावाडी पिकलेल्या दाढीचा, गालात तंबाखू, बोलायची घाई नसलेला. वाळूवर तीन नावा मांडल्या हुत्या. पहिली मानसं नेनारी, मोठी. कानिफनं एक फेरी मारली आन म्हनला, "ही म्हस हाय. खाईल लई, चालंल कमी." दुसरी ताज्या डांबरानं चकचकत हुती. कानिफ तिच्याजवळ वाकला, वास घेतला, नखानं एका जागी खरवडलं. आत फळी कुजलेली! "बाजारात शिंगाला तेल लावून उभा केलेला बैल मी कोसावरून वळखतो, भीमाभाऊ."

भीमा वशाळला न्हाई, उलट खूश झाला. "नजर हाय तुमाला," म्हनला.

तिसरी लहान हुती. अरुंद, लांबोडकी, जेमतेम दोन मानसांची. रंग उडालेला. कानिफ तिच्यापुढं उकिडवा बसला. बैलाची हनुवटी धरावी तसं तिचं नाकाड हातात धरलं. पाठीवरून हात फिरवला. बाजूला थापट्या मारल्या. मंग धा पावलं मागं जाऊन एक डोळा झाकून तिला शेपटाकडनं बघितलं.

"पाठ सरळ हाय. छाती निमुळती, पन खोल. भोवरा कुठं वाईट जागेला न्हाई." भोवरा म्हंजे फळीतली गाठ, बरं का! "किती दाती?"

"दात?" भीमानं तंबाखू ह्या गालातनं त्या गालात घेतली.

"वय म्हनतोय मी, वय."

"सात पावसाळं."

"म्हंजे जुळलेली, सगळं दात आल्याली. कामाचं वय."

मी दुसरीकडं तोंड करून हसत हुतो. पन माझं हसू फार टिकलं न्हाई, कारन आता भीमा हौश्याची पारख करायला उठला. त्यानं हौश्याच्या पोटावर बोटाच्या गाठीनं टकटक करून कान लावला.

"मानसं किती घेतो?" त्यानं इचारलं.

"अवो बैल हाय त्यो!" मी वरडलो.

"ते दिसतंय. एका अंगाला कलतो का?" आन हे बघायला गडी सगळ्या वजनानिशी हौश्यावर रेलला. हौश्याला वाटलं, मानूस लाडात आलाय. त्यो बी रेलला. भीमा माझ्या गाडीच्या चाकात आन हौश्याच्या पोटात असा दाबला गेला, की त्याची तंबाखू बाहेर पडली. सुटल्यावर म्हनला, "पसंत हाय. वजन धरतो."

मंग सौदा. बैलबाजारात सौदा टॉवेलाखाली व्हतो. दोघांनी हात आत घालायचं, बोटं दाबून भाव सांगायचा, म्हंजे शेजारच्याला कळत न्हाई. कानिफनं सवयीनं खांद्यावरचा टॉवेल पसरला आन हात पुढं केला. भीमानं हात दिला. कानिफनं दोन बोटं दाबली, म्हंजे दोन वल्ही वर पायजेत. मंग आख्खा पंजा दाबला, म्हंजे जाळं बी. भीमा त्याचा हात धरून निवांत बसला, गालातल्या गालात हसत. लई येळ गेला.

"किती येळ धरायचा असतो?" शेवटी त्यानं मला इचारलं.

"अरं तोंडानं बोला की लेकांनो! ह्या वाळूत तिसरं गिऱ्हाईक कोन बसलंय आयकायला?"

वल्ही मिळाली, जुनं जाळं मिळालं. निघताना भीमानं एक घागर भरून गाडीत ठेवली, आन आमा दोघांना बजावलं, "हिला ऊन लागू देऊ नका. वाटंनं गोनपाट वल्लं करून टाकत जा. वाळली की फळ्या आखडत्यात, फटी पडत्यात." कानिफनं मान हलवली. मी बी हलवली. हौश्यानं मात्र वळून बघितलं न्हाई, भीमाच्या टरबुजाच्या साली खान्यात त्यो गुंग हुता. कानिफ म्हनला, "हे तुझ्या वैनीला सांगू नगंस."

आता परतीचं बघा. होडी गाडीपेक्षा लांब. तिचं नाकाड पुढं माझ्या बैलांच्या डोक्यावर आलेलं, त्यांना आयती सावली. मी जुवाजवळ अंग चोरून बसलेलो. आन कानिफ? कानिफ होडीत! चारी दिशांना फुफाटा, झाडाला पान न्हाई, आन हा बाबा वरती ऐसपैस बसून वल्हं धरून. गाव आलं की हवेत वल्हं मारायचा. मी शिव्या दिल्या की जोरात मारायचा.

"अवो पाव्हनं, पूर कुठं आलाय?" एका गावच्या पारावरनं आवाज आला.

"येनार हाय, म्हून आधीच निघालो!"

सगळा पार हसला. पन म्होरं टँकरची रांग लागली हुती बायांची. त्यातली एक म्हातारी, केशरबाई म्हनत हुते तिला, तरातरा पुढं आली. तिनं कुंकू आनून होडीच्या नाकाडाला लावलं आन हात जोडलं. म्हनली, नाव चालत आली, आता मागनं पानी येतंय. झालं! सगळ्या बायांनी कुंकवाचं करंडं आनलं. होडीचं नाकाड लालभडक. कानिफ वल्हं लपवू लागला.

"बाबा, कवा येनार पाऊस?" केशरबाईनं इचारलं.

कानिफनं घसा साफ केला. "मिरगाला."

मिरगाला तर कुनी बी सांगंल! पन बाया खूश झाल्या. एकीनं तर आपल्या हंड्यातलं तांब्याभर पानी होडीला घालायला उचललं. कानिफनं वरनं उडीच मारली. "न्हाई माय, न्हाई. ते पोरांना ने," म्हनून त्यानं तिचा तांब्या धरला. त्याचा चेहरा उतरला हुता. त्या गावापास्नं त्याची गंमत सरली. म्होरल्या कुठल्याच गावात त्यानं होडीसाठी पानी मागितलं न्हाई. मागायला जीभच उचलंना. घागरीतलं पानी थोडं थोडं हातानं गोनपाटावर शिंपडत ऱ्हायला.

दुसऱ्या दिशी दुपारी त्यो होडीत डोक्यावर टॉवेल घेऊन झोपला. ऊन असं, की बैलांची जीभ बाहेर. माझी बैलं थांबली आन माझ्याकडं बघाया लागली. आता काय सांगू? मी घागर काढली, बादलीत वतली आन दोघांना पाजली. सगळी. थेंब ठेवला न्हाई. कानिफ उठल्यावर म्हनलं, "घागर कलंडली रं."

त्यानं घागरीकडं बघितलं, बैलांकडं बघितलं. "असूं दे," म्हनला, आन वाळकं गोनपाट नीट अंथरलं.

घरी आलो. नवं जनावर दारात आलं की त्याच्या पायावर पानी घालून भाकर ववाळून टाकायची रीत हाय. मुक्तावैनी तांब्या आन भाकर घिऊन आली, होडीभवती फिरली. पाय सापडंनात. शेवटी तिनं चार थेंब माझ्या गाडीच्या चाकावर घातलं आन आत गेली. "आजपास्नं आठ," आतनं आवाज आला.

दुसऱ्या दिशी सगळं गाव पान्याच्या काठाला. आठ मानसांनी होडी पान्यात लोटली. कानिफ वल्हं घिऊन ताठ बसला, लग्नातल्या नवरदेवासारखा. धा हात गेली. मंग मी बघितलं, त्याच्या मांडीपाशी काहीतरी चकाकतंय. फळ्याफळ्यांतनं पानी! ताठ बसल्या बसल्या गडी खाली जाऊ लागला. आधी कंबर, मंग छाती, मंग नुसता फेटा. गाव हसून हसून लोळलं. "कानिफ, रान दिसलं का?" कोनतरी वरडलं. कंबरभर पान्यातनं होडी वढत त्यो बाहेर आला तवा मुक्तावैनी कवाच निघून गेली हुती.

मला हसू आलं न्हाई. मला घागर दिसत हुती.

सकाळी मी माझी गाडी पान्यात घातली, आखापातुर. प्रवासानं चाकं खिळखिळी झाल्याली, त्यांच्यावरची लोखंडी धाव निघायला आल्याली. कानिफ येऊन शेजारी बसला. काळवंडला हुता.

"चाकं का भिजवतोस?" कायतरी इचारायचं म्हून त्यानं इचारलं.

"तुझ्यामुळं! वाळून आखडली. दोन दिस पान्यात ऱ्हायली की लाकूड फुगतं, धाव गच्च बसती. हे काय तुला म्या सांगा..."

मी बोलायचा थांबलो. आमी दोघांनी एकमेकाकडं बघितलं. मंग कानिफ उठून पळत सुटला, आन मी त्याच्या मागं.

आमी होडीत धोंडं भरलं, त्याच्याच माळावरचं. त्या जमिनीचा तेवढा उपेग झाला. आन होडी पान्यात पार बुडवली, नाकाडासकट. गावाला नवा खेळ मिळाला. "आधी चुकून बुडवली, आता मुद्दाम बुडवली," "बैल इकून पान्यातलं बुडबुडं आनलं." कानिफ रोज काठावर बसून पान्याकडं बघायचा आन बिडी वढायचा. गाव त्याला बघायला यायचं.

सहाव्या दिशी माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. मी मुक्तावैनीकडं गेलो आन घागरीचं सगळं सांगून टाकलं. होडी माझ्यामुळं वाळली, कानिफमुळं न्हाई.

ती भाकरी थापत हुती. "बैलांना पाजली?"

"व्हय."

"मंग तोंड का पाडलंय? म्या बी तेच केलं असतं." तिनं भाकर तव्यावर टाकली. "पन आठ म्हंजे आठ, भावजी."

आठव्या दिशी सकाळी धोंडं काढलं, पानी उपसलं, आन होडी वर आली. कानिफ आत बसला. मी काठावर श्वास धरून. एकदा त्यानं खाली हात लावून बघितलं. दोनदा बघितलं. मंग त्यानं वळून हात वर केला. हात कोरडा हुता! मी असा वरडलो की माझी बैलं बुजली. रडलो बी थोडा, लपवत न्हाई.

दुपारी चुलीवर दोन रोहू आन एक हातभर मरळ. वैनीनं मला बी जेवायला बसवलं. तिनं आपल्या ताटात एक तुकडा घेतला, गपचिप खाल्ला, आन मंग दुसरा घेतला. तेवढ्यात कानिफ काटं काढता काढता म्हनला, "सूर्यभान, त्या दिशी घागर कलंडली, तवा पानी तुझ्या बैलांच्या मिशांवर कसं उडालं रं?"

मला ठसका लागला. वैनी हसली. हौश्या गेल्यापास्नं पहिल्यांदा.

पाऊस मिरगालाच आला. आता केशरबाईच्या गावात कानिफला काय मानत्यात ते इचारू नका, त्यो तिकडनं जाताना फेट्यानं तोंड झाकून जातो.

पोळा होऊन चार दिस झालं असताना भीमा नावाडी आला. संगं हौश्या! अंगावर चमक, वशिंड डुलतंय. गोदावरी भरली हुती, टरबुजाची वाळू वाहून गेली, आन एकदोन मानसांसाठी मोठी नाव वढताना भीमाचं खांदं निघालं हुतं. "माझी लहान होडी मला द्या, तुमचा बैल तुमाला," म्हनला. "मनापास्नं संभाळलाय."

हौश्यानं सरळ येऊन वैनीच्या पदरात तोंड खुपसलं. ती त्याच्या गळ्याला पडून मोठ्यानं रडली, मधीमधी त्याला "केवढा सुटलास मेल्या" म्हनून चापट्या मारत हुती. कानिफ दाराला टेकून उभा. होडीवर त्याचा संसार उभा ऱ्हायला हुता, खडी सुटली हुती. पन त्यो म्हनला, "हौश्या तुझा. तू म्हनशील तसं."

मी मनात म्हनलं, गेली होडी.

वैनीनं हौश्याला आख्खी भाकर चारली. मंग डोळं पुसून नवऱ्याला म्हनली, "चला, मला त्यात बसवा." तवर ती कधी होडीत बसली नव्हती. काठावर आमी तिघं ऱ्हायलो, मी, भीमा आन हौश्या. ती दोघं मधी गेली, पार जुन्या नदीच्या अंगाला. तिथं कानिफनं वल्हं थांबवलं. वैनीनं वाकून पान्यात कोपरापातुर हात घातला, बराच येळ.

माघारी आल्यावर तिनं भीमाच्या हातात हौश्याचं दावं दिलं.

"घिऊन जा, भाऊ. दर पोळ्याला मातर आनायचा, पुरन मी घालनार." तिचं डोळं आता कोरडं हुतं. "आमचं रान तिथं खाली हाय. हौश्या आता तिथं चालत न्हाई. ही चालती."

भीमानं दावं घेतलं. हौश्याच्या पाठीवर हात फिरवत उभा ऱ्हायला. मंग बिचाऱ्यानं इचारलं, "पन मी एकदोन मानसं कशात नेऊ?"

"त्याची काळजी तू करू नगंस!" कानिफला लगेच जोर चढला. "मी हाय की! काठानं चार गावं फिरू. अशी निवडून देतो, अशी निवडून देतो, पाठ बघून, छाती बघून..."

"आन टोक्यापातुर आनायची कशी?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कानिफनं, भीमानं, मुक्तावैनीनं. त्यो हौश्या बी बघत हुता.

मी शिव्या देत बैलं जुपायला उठलो. घागरी मातर ह्या खेपेला दोन घेतल्या.